दर्शनी भिंतीतल्या काळ्या विटा

विमानतळावर मुलाने शेवटचा प्रयत्न केला. "आई, तू येईपर्यंत भिंत बांधून प्लास्टरही उरकतो."

"दर्शनी भिंतीला कोणी हात लावायचा नाही," मी बजावलं आणि आत शिरले.

नेवाशात प्रवरेकाठी आमची वीटभट्टी. यजमान, मुलांचे दादा, आजारी पडले तेव्हा त्यांनी लावलेली शेवटची भट्टी पेटलेली होती. जाळाकडे बघायला कोणाला सवड? निम्मा माल खंगर (जास्त भाजून काळी पडलेली वीट) निघाला. पुढे ते गेले. त्याच विटांत आम्ही घर बांधायला काढलं, तर गवंडी म्हणतो, "काकू, काळ्या पायात घालू. उरल्या तर पिलास्टरखाली झाकू." त्यांच्या हातची शेवटची वीट झाकायला माझं मन घेईना. पण माझ्या बाजूने बोलायला कोण होतं? लेक इंग्लंडात. तिच्या गावातल्या जुन्या विटांच्या घराचा फोटो तिने पाठवला होता. तीनशे वर्षांचं घर, अंगावर प्लास्टरचा थेंब नाही. ते डोळ्यांनी बघायचंच, एवढ्यासाठी मी निघाले.

लेकीकडे पोचले तर थंडीने दातखीळ बसायची वेळ. दुसऱ्या दिवशी बसने गेलो, तर पोचेपर्यंत अंधार पडलेला आणि बघायची वेळ संपून घर बंद. लेक म्हणाली, "पुन्हा कधीतरी येऊ."

"उद्याच येऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झिमझिम पाऊस. घर रस्त्याला चिकटून उभं, तीन मजली. ना ओटा, ना अंगण, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. खिडक्या एका रेषेत, वर जाताना लहान होत गेलेल्या. त्यांतली एक नुसतीच विटांनी बुजवलेली. समोरून खिडक्यांची रांग पुरी दिसावी म्हणून म्हणे! हौसेला मोल नाही, हे तिकडेही खरं. खिडक्यांवर पाचरीसारख्या घासलेल्या विटा बसवून भार पेललेला होता.

जवळ गेले आणि थबकले. लाल विटांमध्ये एकाआड एक काळी! लांबून काढलेल्या फोटोत कळलंच नव्हतं. हात फिरवला, तर तीच काचेसारखी गुळगुळीत पाठ. आमचीच खंगर.

घर दाखवणाऱ्या म्हाताऱ्या बाई आतून छत्री घेऊन आल्या. मी लेकीकरवी विचारलं, "या काळ्या चुकून लागल्या का?"

बाई हसल्या. "चुकून कशा? जाळाजवळच्या विटा निवडून मुद्दाम पुढे लावायचे. शोभेसाठी."

"पावसात टिकतात?"

त्यांनी छत्रीबाहेर हात काढून पावसाकडेच बोट दाखवलं. "तीनशे वर्षं हाच पाऊस झेलताहेत. अधूनमधून सांध्यांत चुना भरतो, एवढंच."

मला रडू फुटलं. लेकीला वाटलं थंडी बाधली. तिने समोरच्या हॉटेलात नेऊन बटाट्याचं गरम सूप पाजलं. अळणी होतं. पर्समधली शेंगदाण्याची चटणी घातली, मग घशाखाली उतरलं.

घरी परतल्यावर बॅग न उघडताच गवंड्याला बोलावलं आणि मोबाईलमधले फोटो दाखवले. मुलगा मागून बघत होता.

"एक लाल, एक काळी. आणि प्लास्टर नाही," मी म्हणाले.

"लोकं हसत्याल, काकू."

"हसू देत. घर माझं आहे."

मुलगा विटांच्या ढिगाकडे गेला आणि स्वतःच काळ्या विटा निवडायला बसला. बऱ्याच वेळाने एक वीट घेऊन आला, सगळ्यांत काळी. तिच्यावर बोटांचे ठसे भाजून पक्के झाले होते.

"आई, दादांची बोटं असतील का गं ही?"

कोणाची ते कोण सांगणार? वीट थापणारे हात भट्टीवर कितीतरी.

"असतील," मी म्हणाले. "दाराशी लाव. येता-जाता हात पोचेल अशी."