बायाक्काची शैला

म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी आई तिची परवानगी घ्यायची. पाठीवरून हात फिरवायची आणि कानाशी वाकून विचारायची, "येऊ का गं?" म्हैस रवंथ करत उभी राहिली, तर तो होकार. पाय झाडला, तर आई चरवी खाली ठेवून बाजूला बसायची. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायला आलेली गिऱ्हाइकं ताटकळायची. एखादा घाईचा पैलवान कुरकुरला, तर आई म्हणायची, "पावणं, तुमच्या अंगाला कुनी न इचारता हात लावला तर चालंल व्हय? दम धरा की." बाकीचे हसायचे आणि पैलवान रिकामा पेला घेऊन उभा राहायचा.

सगळे तिला बायाक्का म्हणत. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून दोन म्हशी आणि मी, एवढाच तिचा संसार. कट्ट्यावर धार काढणारी ती एकटीच बाई होती, पण तिच्या आवाजापुढे बाप्ये दबून असत. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही. माझं लग्न मोडलं आणि मी कागलहून ट्रंक घेऊन परत आले, तेव्हा तिने काही विचारलं नाही. "आलीस? आंबोण भिजवलंया, चांदीला घाल जा," एवढंच म्हणाली. मी रडत रडत म्हशीला पेंडीचं आंबोण घातलं. त्या दिवशी जवळ घेऊन समजूत काढली असती, तर मी अधिक कोसळले असते असं आजही वाटतं.

त्या चांदीचं रेडकू त्याआधी एकदा मेलं होतं, मी शाळेत असताना. चांदी दूध देईना. आईने त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला आणि ते सोंग चांदीपुढे उभं केलं. त्याला डोळे नव्हते, एका पायातून पेंढा बाहेर आला होता. चांदीने ते हुंगलं, मग चाटायला लागली, आणि थोड्या वेळाने तिने पान्हा सोडला. मला किळस आली. मी ओरडले, "आई, तू तिला फसवतीस!" आई धार काढता काढता म्हणाली, "फसती व्हय ती? तिला बी कळतंय. पर चाटायला कायतरी लागतंय की."

पुढे आईचे गुडघे गेले, म्हशी विकल्या. मला शिरोलीच्या एका फौंड्रीच्या ऑफिसात नोकरी लागली होती. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर आई रिकाम्या गोठ्यापाशी बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा पावणं. शैला अजून कामावरनं आली न्हाई." मला हसू आलं. थट्टा तिच्या रक्तातच होती. मी म्हटलं, "येईल की, तोवर चहा टाकू का?" तर ती एकदम उठली आणि म्हणाली, "चुलीला हात लावायचा न्हाई."

ती थट्टा नव्हती हे कळायला मला चार-सहा दिवस लागले. मी कुणीतरी परकी बाई आहे, शैलाचा चेहरा घेऊन, शैलाच्या साड्या नेसून घरात शिरले आहे आणि खऱ्या शैलाला मी कुठेतरी कोंडून ठेवलं आहे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मी काय काय करून बघितलं! लग्नातला फोटो दाखवला, लहानपणी विळीने कापलेल्या बोटाची खूण दाखवली. ती खूण तिने निरखून पाहिली आणि म्हणाली, "लई हुशार हायस. ही बी करून घेतलीस." आई म्हणून हाक मारली की हात झटकायची. "मला आई म्हणायचं न्हाई. मी शैलाची आई हाय." एकदा तर कट्ट्यावर जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं, "माझी पोरगी गायब हाय आन ही भवानी माझ्या घरात राहती." लोक मला समजावत होते, तिला समजावत होते. डॉक्टरांनी सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, वाद घालू नका. वाद घालू नका हे सांगायला सोपं आहे हो. स्वतःच्या आईने दारात 'कोण पायजे' विचारल्यावर काय घालायचं असतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग तिने माझ्या हातचं खाणं बंद केलं. शैला जेवल्याशिवाय मी जेवणार न्हाई, म्हणायची. शैलासाठी भाकरी फडक्यात बांधून ठेवायची आणि उपाशी बसायची. दिवसा शेजारच्या गौराक्का तिच्याकडे बघत. त्यांचं किराणा दुकान होतं, दुकानात फोन होता. आई दिसायला निम्मी झाली. मी ऑफिसातून रोज दुपारी विचारायची, "खाल्लं का?" आणि गौराक्का म्हणायच्या, "कुटलं गं बाई."

अशाच एका दुपारी आई दुकानाच्या पायरीवर बसली होती. गौराक्कांनी "आईशीच बोल" म्हणत सहज रिसीव्हर तिच्या कानाला लावला. मी सवयीने म्हणाले, "आई?"

"शैला!" पलीकडून ती जवळजवळ ओरडलीच. "आगं कुटं हायस तू? हितं एक बाई शिरलीया घरात. तुझी निळी साडी नेसून फिरती."

मी त्या वेळी तीच निळी साडी नेसून बसले होते. कितीतरी महिन्यांनी तिने मला माझ्या नावाने हाक मारली होती. आवाजावरून ती मला ओळखत होती, फक्त चेहऱ्यावरून नाही. मला ओरडून सांगायचं होतं, आई, ती बाई म्हणजे मीच. पण पलीकडे ती दोन दिवसांची उपाशी होती. मला चांदी आठवली. मी म्हणाले, "आई, ती बाई मीच धाडलीया. मला सुट्टी न्हाई मिळत. तिच्या हातचं जेव."

"मग आदी सांगायचं न्हाईस?" आई म्हणाली. "मी उगं शिव्या घातल्या तिला."

त्या संध्याकाळी मी दाराबाहेर चप्पल काढली आणि आत न शिरता विचारलं, "येऊ का, बायाक्का? शैलानं धाडलंय." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये," म्हणाली. माझ्या हातची भाकरी तिने मुकाट्याने खाल्ली. मी चुलीपाशी तोंड फिरवून बसले होते. पोट भरल्यावर म्हणाली, "रडालीस कशाला? शिव्या मनाला लावून घेऊ नगं."

मग असंच चाललं. दुपारी फोनवर मी शैला, संध्याकाळी शैलाने पाठवलेली बाई. दुपारची ती दोन मिनिटं सोडली, तर मी जिला आई म्हणू शकेन असं जगात कुणी नव्हतं. संध्याकाळी मात्र ती मला शैलाबद्दल सांगायची. "हट्टी हाय. सासरनं माघारी आली तवा मी तिच्याफुडं रडलो न्हाई. म्हशीच्या गळ्यात पडून रडलो. तिला सांगू नगंस." हे मला तोवर माहीत नव्हतं. शैलाला तिने ते कधीच सांगितलं नसतं. आणि दिवेलागण झाली की रोज म्हणायची, "जा आता घरला. तुझी आई वाट बघत असंल." मी बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहायची. ती विसरली की मी पुन्हा आत यायची, विचारून.

शेवटच्या वर्षी तिला फोनवरचा आवाजही ओळखू येईनासा झाला. रिसीव्हर कानाला लावून ती गप्प बसायची. मग मी दुपारचा फोन बंद केला.

एका सकाळी ती गेली. झोपेतच गेली. बायका जमल्या, अंगणात पाणी तापलं. कागलहून आलेल्या लांबच्या एका मावशी मला ओळखत नव्हत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "लेक कुटं हाय? पयलं पानी लेकीनं घालाय पायजे. तिला फुडं येऊ द्या."

मीही मावशींबरोबर दाराकडे बघितलं.

गौराक्कांनी माझ्या हातात तांब्या दिला, तेव्हा भानावर आले. आईपाशी बसले. हात पुढे केला आणि सवयीने थांबले.

"येऊ का गं, आई?" मी विचारलं.

या हाकेवर ती हात झटकायची. त्या दिवशी तिने झटकला नाही.