रेडिओकाकांची इंग्रजी आई

रेडिओकाकांना बसून संवाद लिहिता येत नसे. समुद्र, आभाळ, माडाची झाडं हे सगळं ते खुर्चीत लिहीत. पण कादंबरीतल्या कुणी तोंड उघडलं, की काका उठलेच. मग मिऱ्यावरच्या त्यांच्या घराच्या पडवीत येरझारा सुरू. या टोकाला आई व्हायचं, त्या टोकाला बाबा. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं काकींशी वाजलंय. काकी आत शांतपणे कोलंबी सोलत असत.

तीस-एक वर्षं ते मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते, म्हणून आख्ख्या आळीचे रेडिओकाका. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे माणसं आंब्याची कलमं लावतात. ह्यांनी इंग्रजी कादंबरी लावली. गोष्ट स्वतःच्या आईवडिलांची. वडील गलबतावरचे तांडेल, वादळात गेलेले. मराठीत का लिहीत नाही, असं विचारलं तर म्हणाले, नातवंडं आखातात इंग्रजीत वाढतायत, त्यांना पणजी भेटायला हवी.

माझं बसस्टँडजवळ टायपिंगचं दुकान. शिवाय उत्सवातल्या नाटकांत मी कधीकाळी बायकांच्या भूमिका गाजवलेल्या, निदान माझं तरी तसं मत आहे. त्यामुळे टायपिस्ट आणि आई अशी दोन्ही कामं माझ्याकडे आली. डोक्यावर पंचा घेऊन मी आईचे इंग्रजी संवाद म्हणायचे आणि काकांनी डोळे मिटून ऐकायचं.

"अंहं. ही आई नाय. ही कॉन्व्हेंटातली मास्तरीण आहे," ते म्हणायचे. की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं म्हणणं, बाई इंग्रजी बोलली तरी आत मराठी ऐकू आली पाहिजे. पण म्हणून तिने मोडकंतोडकं इंग्रजीही बोलायचं नाही. स्वतःच्या चुलीपुढे आई कधी अडखळली नव्हती, मग पुस्तकात का अडखळेल? आणि मराठी शब्द उच्चारून लगेच त्याचा अर्थ सांगणाऱ्या पात्रांचा तर त्यांना भारी राग. "पेज वाढ म्हणताना आम्ही आईला पेजेची माहिती देत होतो काय रे, मेल्या?"

कान ताजा ठेवायला ते मिरकरवाड्याच्या जेटीवर जात आणि कोळणींची भांडणं ऐकत उभे राहत. एकदा एकीने विचारलंच, तुम्हाला मासे पाहिजेत की भांडण. काका खरं बोलले, भांडण. ती म्हणाली, ते फुकट आहे, पण आधी बांगडे घ्या. ते वाक्य काकांनी घरी येईपर्यंत रिक्षात सात प्रकारच्या इंग्रजीत करून पाहिलं. सातही नापास. बांगडे मात्र उत्तम निघाले.

शेवटी दिल्लीच्या एका प्रकाशनाने कादंबरी घ्यायची तयारी दाखवली. संपादक बाई तरुण होत्या आणि नम्रही. त्यांची तक्रार एकच, की घरातल्या संवादांत कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. आईने नवऱ्याला अधूनमधून नावाने हाक मारली, तर सगळं सोपं होईल. त्या दिवशी काकांनी पडवीत एवढ्या फेऱ्या मारल्या, की तेवढ्यात पायी आरे-वारे गाठून झालं असतं.

"आई बाबांना 'अहो'सुद्धा म्हणत नसे," ते म्हणाले. "नुसतं भांडं वाजवायची. लग्नातला उखाणा सोडला तर तिने त्यांचं नाव एकदाच घेतलं. गलबत फुटल्याचं कळलं तेव्हा, किनाऱ्यावर उभं राहून. मी नऊ वर्षांचा. मला वाटलं, ही कुणा दुसऱ्यालाच हाक मारतेय."

ती हाक म्हणजे कादंबरीचं शेवटचं पान. आई तिसऱ्या पानापासूनच नाव घेत सुटली, तर तिथे उरणार काय?

आता माझं पाप सांगतो. त्याच सुमारास काकांना हार्टचा दुसरा झटका येऊन गेला, पाठोपाठ डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी. संपादक बाईंना दुरुस्त प्रत महिनाअखेर हवी होती. मला वाटलं, हा माणूस पुस्तक हातात न घेताच जाणार. मी चाळीसेक ठिकाणी नाव घातलं आणि प्रत पाठवून दिली. काकांना ती वाचून दाखवताना दर वेळी ते नाव गाळलं. असा सफाईदार अभिनय मी रंगभूमीवरही केला नव्हता.

पण मग मला कुठे टेकवेना. दुकानात बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं ते कळेना. एकदा स्कूटर काढून लांज्यापर्यंत गेलो, चहा प्यालो आणि परत आलो. लांज्यात माझं काही म्हणजे काही काम नव्हतं.

आठवड्याने काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "किती ठिकाणी घातलंस?"

मी हातातली पानं उगाचच सारखी करू लागलो.

"दर वेळी श्वास गिळत होतास. बोटीवर आम्ही आवाजापेक्षा मधली शांतताच जास्त ऐकायचो. काढून टाक सगळी. आणि त्या बाईंना कळव, तू घातलीस, मी नव्हे."

मी म्हटलं, काका, पुस्तक जाईल. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"जाऊ दे. नातवंडांना पणजी म्हणून भलतीच कुणी बाई भेटायला नको."

पुस्तक गेलं. माघात काकाही गेले. मी सगळी नावं काढून ती प्रत आता दुसऱ्या प्रकाशकांकडे पाठवत असतो. कुणी ना कुणी पुन्हा तेच सुचवतं, आणि मी पुन्हा नाही म्हणून कळवतो.

तेरावं झाल्यावर काकींनी मला पडवीत बसवून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणाल्या, ह्यांनी एवढं चालून चालून काय लिहिलं, ते शेवटचं पान तरी मला सांग. मी एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागलो. किनाऱ्यावर जमलेल्या बायका. वाहून आलेली फळी. आई गुडघाभर पाण्यात शिरते, दोन्ही हात तोंडाभोवती धरते. मी छाती भरून श्वास घेतला. नट ना शेवटी.

काकींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "ते नाव तू नको. सासूबाईंना घेऊ दे."