मेधाताईंची गाडी तापते तेव्हा

नव्या गाडीतून फिरणाऱ्यांकडे फोटो साठतात, जुन्या गाडीतून फिरणाऱ्यांकडे किस्से! आमच्याकडे तर इतके झालेत की चहाला बसलं की एकाचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो.

आम्ही चौघं रत्नागिरीहून जयगडला नोकरीला जातो. मी, सुर्वे, मुकादमभाई आणि मेधाताई. गाडी ताईंची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. चालवतात ताई आणि तिचं दुखलंखुपलं बघतातही ताईच.

रोज सकाळी इंजिन थंड असतानाच बॉनेट उघडून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, लेव्हल बघायची, हा त्यांचा नेम. एकदा सुर्वे म्हणाला, "काय ताई, झाली का पूजा?"

"देव रागावला तर समजूत घालता येते रे. ही आरे-वारेच्या चढावर रागावली तर तू धक्का मारणारेस?"

तेव्हापासून बॉनेट सुर्वे उघडतो!

*

आंब्याचे दिवस होते. गाडीत गोडसर वास यायला लागला. मुकादमभाई खूश. "कुणाच्या डब्यात आमरस आहे? लपवू नका, सांडलाय बघा खाली!"

त्यांच्या पायाखालचं मॅट खरंच ओलं आणि चिकट झालं होतं. ताईंनी गाडी कडेला घेतली, वाकून बघितलं.

"आमरस नाय भाई, कूलंट आहे. हीटरच्या पाइपातून गळतोय. वास गोड, पण विषारी असतो हां!"

मुकादमभाईंचं बोट जिभेपर्यंत पोचलं होतं, ते तिथूनच माघारी आलं. त्या सीझनला त्यांनी घरचा आमरससुद्धा बायकोला आधी खायला लावला!

*

मे महिना, पुढे रडतखडत चाललेला ट्रक आणि आमचा टेंपरेचरचा काटा वर. ताईंनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि चक्क हीटर फुल्ल सोडला!

"ताई, उन्हाळा आहे!" सुर्वे ओरडला.

"म्हणूनच. इंजिनाची गरमी थोडी आपण वाटून घ्यायची."

चढ संपेपर्यंत आम्ही भाजून निघालो, पण काटा मुकाट खाली आला. सुर्वे शर्ट पिळत म्हणाला, "गाडी थंड झाली ताई. आता मला कूलंट कुठून घालणार?"

*

एकदा रेडिएटरचा पंखाच फिरेना. ताईंनी फ्यूज काढून बघितला, जळलेला. क्षणभर विचार केला आणि त्याच नंबरचा हॉर्नचा फ्यूज काढून तिथे लावला. पंखा सुरू, हॉर्न बंद!

गणपतीपुळ्याला ही गर्दी. मुकादमभाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "सरका ओ, सरका, बाजूला!"

एक पर्यटक वैतागला. "काका, गाडीला हॉर्न नाही का?"

"बोलतोय कोण मग?"

*

आणि हा सायलीचा.

संध्याकाळी घरी परतत होतो. मालगुंडच्या अलीकडे एक मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या. सुनेला, म्हणजे सायलीला, कळा सुरू झालेल्या, मुलगा बोटीवर, रिक्षा मिळत नव्हती. जागा करून द्यायला सुर्वे आणि मुकादमभाई कुणी न सांगताच उतरले. सायली आणि तिची सासू मागे, मी पुढे.

चढावर फट्‌ असा आवाज झाला. बॉनेटमधून वाफ, आणि मागे सायलीखालची सीट ओली! ताईंनी गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली.

"अहो, थांबताय काय? चला पुढे!" मावशी रडायला लागल्या.

"आता थांबलो तर पोचू मावशी. नाय थांबलो तर इथेच राहू."

रेडिएटरचा वरचा होज, जाड रबरी पाइप, क्लिपजवळ फाटला होता. ताईंनी फडकं धरून तो सोडवला, सुरीनं फाटकं टोक कापलं, उरलेला ओढून बसवला, क्लिप आवळली. मावशी बाटली घेऊन धावल्या. "हे घ्या, ओता लवकर!"

"तापलेल्यात गार पाणी ओतलं तर इंजिन तडकेल. जरा निवू दे."

ते निवणं काही केल्या संपेना. मागे सायली दात आवळून कण्हत होती. ताई कधी मागे येऊन तिचा हात धरत, कधी पुढे जाऊन रेडिएटरला हात लावून बघत. दोघींना एकच सांगत होत्या, "जरा दम धर गो बाय, जरा दम धर."

अखेर झाकण उघडलं, सावकाश पाणी भरलं, गाडी सुरू झाली. उरलेली वाट मी काट्यावरून नजर हलवली नाही. दवाखान्याच्या दारात सायलीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मेधाताई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही भेटायला गेलो. ताईंनी विचारलं, "कशी आहेस गो?"

"मी बरी आहे ताई. गाडी कशी आहे? दोघींचं पाणी एकदमच गेलं होतं, म्हणून विचारते!"