परत न येणारा माल

नागनाथ मूळचा निपाणीचा, पण कानडी राजधानीच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये लेथवर उभं राहून त्याला एकतीस वर्षं झाली. बायको गेली, मुलगी सासरी पुण्यात. बोलायला माणूस म्हणजे गिऱ्हाईक. शहरभर पसरलेले बेळगाव-चिकोडीकडचे पिठाच्या गिरणीवाले, उसाच्या रसवाले आपल्या यंत्रांचे झिजलेले शाफ्ट घेऊन यायचे आणि काम होईपर्यंत मराठीत गप्पा हाणायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला तर हटकून यायचे. शाफ्ट लेथशेजारी पूजेला ठेवायचा, दसऱ्याला पहिलं काम त्याचं, अशी त्यांची रीतच होती.

मंदीत शेड बंद पडायच्या बेताला आली. तेवढ्यात सीमेवर चकमकी झाल्या आणि तोफगोळ्यांच्या सुट्या भागांची ऑर्डर आली. मालक उमाकांत हरखले.

"नागनाथ, युद्धानं बाजार उभा राहतो तो असा!"

खोटं तरी कसं म्हणावं? तीन पाळ्या चालू झाल्या. गेल्या आयुधपूजेला येलहंक्याचा खंडोजी गिरणीचा शाफ्ट खांद्यावर घेऊन आला, तेव्हा नागनाथनंच त्याला दारातून परतवलं.

"देशाचं काम चाललंय अण्णा, किरकोळ काम बंद."

बोलताना स्वारीची छाती जरा फुगलीच होती. पुढं बाकीच्यांनाही त्यानं असंच वाटेला लावलं.

पण एक गोष्ट त्याला खटकायची. गिरणीचा शाफ्ट वर्ष-दोन वर्षांनी झिजून परत येतो, आणि तोवर गल्लीभराचं पीठ दळतो. गोळा काही दळत नाही. फुटला तरी परत येत नाही, कोठारात पडला तरी नाही.

यंदा श्रावणात ऑर्डर संपली. दुसरी आलीच नाही.

"जुनी गिऱ्हाईकं आणा," उमाकांत म्हणाले. "पूजेला चार जण आले तरी शेड चालवीन. नाहीतर दिवाळीला कुलूप."

नागनाथनं सगळ्यांना निरोप धाडले. पूजेला लेथ पुसून झेंडू वाहिला, दारात कोहळा फोडला, चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधल्या. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी त्यानं खंडोजीला फोन लावला.

"शाफ्ट होय? तो आता राजाजीनगरात दुसऱ्या लेथवाल्याकडं देतो. तुमच्याकडं देशाचं काम नागण्णा, आम्ही कशाला आडवं यायचं?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. काम संपलं हे सांगायला नागनाथची जीभ रेटेना. त्याला रडू यायला लागलं.

"चुरमुरे खायला तरी या," तो कसाबसा म्हणाला.

"आज कुठलं जमतंय! पूजेला घर भरलंय माझं," खंडोजी म्हणाला. "फोन ठेवू?"