घंगाळातला अननस

अननसाचा शेंडा कापायचा नसतो, पिरगळून काढायचा. मग तो आठवडाभर सावलीत वाळू द्यायचा आणि रेताड मातीत बसवायचा. हे मला वहिनीनं शिकवलं. ती सावंतवाडीकडची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. इंदूरच्या कोरड्या हवेत तिनं दरवर्षी एखादा शेंडा लावून पाहिला, आणि दर उन्हाळ्यात तो करपला. "तुमच्या माळव्यात गहूच खा," असं म्हणून ती कुंडी उपडी करायची.

माझं दुकान जुन्या सामानाचं. संस्थानं विलीन झाली आणि सरदार-मानकऱ्यांच्या घरांतून झुंबरं, आरामखुर्च्या, तांब्यापितळेची भांडी बाहेर पडू लागली. ती मी घासाघीस करून घ्यायचो आणि घासाघीस करूनच विकायचो. दादाची एक पै न घेता उभं केलेलं दुकान होतं ते. दादा नव्या मध्यभारत राज्याच्या सचिवालयात कारकून, राजधानीबरोबर सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला. आजोबा होळकरांच्या फौजेत होते, म्हणून त्याला माझ्या धंद्याची लाज वाटायची.

पुतणीच्या लग्नाच्या याद्या करायला मंडळी बसली होती. मुलाच्या बापानं चांदीची ताटं मागितली. दादा मान खाली घालून हो म्हणायला निघाला, तेवढ्यात मी मधे पडलो. तासभर बोललो, आवाजही चढवला, पण ताटांवरून त्यांना तांब्या-भांड्यावर आणलं. त्यावर दादा सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "मनावर घेऊ नका, जुन्या बाजारातला माणूस आहे. त्याला देवघर आणि दुकान सारखंच."

सगळे हसले. ताटं वाचली ती वाचलीच, ती काही दादानं पुन्हा मुलाकडच्यांना देऊ केली नाहीत. त्याच संध्याकाळी मी ट्रंक उचलली आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आलो. बोलवायला कोणी येईल म्हणून लग्नाच्या दिवशी कोट घालून बसलो होतो. कोणी आलं नाही.

त्या खोलीत मी झाडं लावली. लिंबू तुपाच्या डब्यात होतं. वर भुंगा कुठून येणार, म्हणून त्याच्या फुलांवरून मीच कापसाचा बोळा फिरवायचो. मिरीचा वेल कोटाच्या खुंटाळ्यावर चढवला होता. अननसाला तांब्याचं घंगाळ दिलं. बुडाला भोक असल्यामुळे ते खपत नव्हतं, आणि झाडाला तेच हवं होतं. उन्हाळ्यात खिडकीला ओली गोणपाटं बांधली, पानांच्या बेचक्यात वाटीनं पाणी घातलं. खालचा तसबिरींना चौकटी करणारा शेजारी म्हणायचा, "भिया, लोग शादी करते हैं, आप बगीचा कर रिये हो!"

दोन वर्षं झाडाला नुसती पानं. मग एका थंडीत ओल्या कोळशाची शेगडी ठेवून मी खाली गेलो. परत आलो तर खोलीभर धूर. झाड गेलं असंच धरून चाललो होतो, आणि दीड-दोन महिन्यांनी पानांच्या पोटात लाल टिकली दिसली. धुरानं अननस फुलावर येतो, हे मला नंतर एका माळ्यानं सांगितलं. फळ धरलं त्या दिवशी सांगायला जवळ माणूस नव्हतं. सांगायचं होतं ते वहिनीला.

फळ मुठीपेक्षा मोठं झालं तेव्हा एकदा दादा जिना चढून वर आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"हे खरं आहे?" फळाला बोट लावत त्यानं विचारलं.

"खोटं विकायला खाली दुकान आहे."

तो हसला. मग म्हणाला, "मध्यभारत मोडतंय. आमचं ऑफिस भोपाळला चाललंय, पुढच्या आठवड्यात निघतो. ही म्हणते, एकदा जेवायला ये."

"ही म्हणते. तू काय म्हणतोस?"

"मी आलोय ना इथवर."

"आणि याद्यांच्या दिवशी बोललास त्याचं काय?"

"अरे, किती वर्षं तेच! घरच्या माणसाशीही भाव करतोस तू."

"मग बोल की, काय देतोस."

तो उठला. आमच्या धंद्यात उठलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नसते. त्याच्याकडे न बघता हातातलं काम चालू ठेवायचं. तिसऱ्या पायरीवर ते थांबतं आणि वळतं. मी फडकं घेऊन पानं पुसत राहिलो. तिसऱ्या पायरीवर दादाच्या चपला खरंच थांबल्या. मी पुसतच राहिलो. मग त्या खाली गेल्या, उरलेल्या अकराही पायऱ्या, सावकाश.

फळ पिकायला आणखी तीन आठवडे लागले. वासानं खोलीत झोप येईना. सकाळी ते पंच्यात बांधून मी दादाच्या घरी गेलो. ते गेलेत हे मला ठाऊक होतं, तरी गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "निघायच्या दिवशी तुमच्या वहिनींनी टांगा बराच वेळ उभा करून ठेवला होता. टांगेवाला चिडला शेवटी."

घरी येऊन फळ चिरलं, मीठ लावून खाल्लं. आंबट होतं जरा. निम्मं शेजाऱ्याला दिलं. शेंडा वाळवला, गोणपाटात शिवला आणि पार्सलनं भोपाळला दादाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. सोबत चिठ्ठी घातली नाही.

पावसाळ्यात वहिनीचं कार्ड आलं. दोनच ओळी: मुळं धरली आहेत, इथे तळ्याची हवा आहे, जगेल. पत्ता मात्र दादाच्या अक्षरात होता.

ही त्याची बोली समजायची का, यावर मी विचार करत राहिलो. बोली म्हणून ती कमीच होती. पुढे दादा भोपाळलाच वारला, तेव्हा ते कार्ड माझ्या गल्ल्यात होतं, उत्तर न दिलेलं.