भजनात उभा राहिलो त्याची गोष्ट

माझा आवाज बरा होता, पण तो फक्त मी एकटा असताना बरा असायचा. अंघोळीला बसलो की सुरेल, चार माणसांपुढं उभा राहिलो की घशाला कोरड. मराठी मुलखाचं नवं राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. नळदुर्गाजवळच्या आडवाटेच्या एका गावात मला शाळामास्तर म्हणून नेमलं होतं. लग्न झालेलं नव्हतं, घरचे लांब परंड्याकडे. शाळा सुटली की खोलीवर यायचं, जमेल तशी भाकरी थापायची आणि भिंतीकडं बघत खायची. गावाचं माझ्याशी वाकडं नव्हतं. रस्त्यात भेटले की "रामराम गुरुजी" म्हणायचे आणि पुढं जायचे. थांबत कुणी नसे.

मारुतीच्या देवळात एकादशीला भजन व्हायचं. खरं सांगायचं तर मला भजनापेक्षा भजनानंतरचं हवं होतं. टाळ खाली ठेवले की ती माणसं पारावर बसायची, तंबाखू मळायची, एकमेकांची टिंगल करायची, कुणाच्या बैलानं बाजारात काय घोळ घातला यावर पोट धरून हसायची. मला त्या घोळक्यात बसायचं होतं. पण बाहेर बसायचं तर आधी आत त्यांच्यात उभं राहायला हवं, एवढं मी ओळखून होतो.

पखवाज वाजवणारे एक वयस्कर शेतकरी होते. एका एकादशीला त्यांनीच मला गाठलं.

"गुरुजी, गाता म्हणं तुमी? खोलीतून आवाज येतो."

"थोडंफार," मी म्हणालो.

"मग म्होरल्या एकादशीला वीणा तुमच्याकडं. फिकीर नगा करू."

वीणा गळ्यात घेतो तो मधोमध उभा राहतो आणि सगळे टाळकरी त्याच्याकडं बघत असतात. वीणा गळ्यात आहे तोवर लहानथोर त्याच्या पाया पडतात. तो नमस्कार वीणेला असतो. वीणा उतरवली की तोच माणूस पुन्हा कुणाचा तरी चुलता नाहीतर मेव्हणा, आणि टिंगलीला मोकळा.

मधल्या दिवसांत सुचेल ते सगळं करून पाहिलं. लवंग चघळली, खडीसाखर चघळली, ऊन पाणी प्यालो. रानात जाऊन तुरीपुढं उभा राहून गायलो. तुरीसारखा श्रोता नाही, ती तोंडाकडं बघत नाही. शेवटी मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे माणसं दिसणार नाहीत. आणि वीणा छातीशी घट्ट धरायची, म्हणजे हात कापताना दिसणार नाहीत.

एकादशीला वीणा गळ्यात पडली आणि मी ठरल्याप्रमाणं डोळे मिटले. पहिल्याच ओळीला आवाज चिरकला. पुढचे शब्द आठवेनात म्हणून तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली, टाळकऱ्यांनी ती उचलली, पखवाज चढत गेला. माझं सगळं अंग थरथरत होतं आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाटलं, झालं, गेली अब्रू. उद्या पोरांपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

तो अभंग संपला तेव्हा डोळे उघडले. समोरची एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "लई भाव हाय गुरुजींच्या अंगात. देहाचं भान न्हाय राहिलं."

मला हसू आलं असतं, पण अजून पाय थाऱ्यावर नव्हते. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि भजन आटोपल्यावर मोठ्या आशेनं पाराकडं गेलो. मी पोचलो तसं हसणं थांबलं. तंबाखू मळणाऱ्यानं मूठ मिटून मागं घेतली. एकानं घोंगडं अंथरलं, घोळक्यात नव्हे, जरा बाजूला. "हितं बसा गुरुजी." कुणी बैलाचं नाव काढलं नाही. थोड्या वेळानं एकेक जण उठला, माझ्या पाया पडला आणि घरी गेला. पार रिकामा झाला, मी घोंगड्यावर.

पुढच्या एकादशीला तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. आता रस्त्यात लोक रामरामसुद्धा दबकत घालू लागले. पूर्वी मी नुसता परका होतो, तेच बरं होतं असं वाटायला लागलं. न राहवून एका सकाळी पखवाजवाल्यांच्या शेतात गेलो. ते कडबा रचत होते.

"तुम्ही समजता तसं काही नाही हो," मी म्हणालो. "मला माणसांची भीती वाटते. अंग कापतं ते भीतीनं, डोळ्यांत पाणी येतं तेही भीतीनं. मला इथं फार एकटं वाटतं. तुमच्यात बसायला मिळावं म्हणून मी गायला आलो."

इतकं उघडं मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. क्षणभर वाटलं, यांना कळलं.

"खरा माणूस असाच बोलतो, गुरुजी," ते म्हणाले. "आपल्यापाशी हाय, त्येच न्हाय म्हणतो."

आणि माझ्या वडिलांच्या वयाचा तो माणूस वाकला. मी "नका, नका हो" म्हणत मागं सरत राहिलो, आणि ते हात पुढं करून माझ्या पायांकडं येत राहिले.