पेवातली ज्वारी अन् पोरीचा गेम

माझी शाळा दुसरीपर्यंत. नाव लिहिता येतं, एसटीची पाटी वाचता येती. तरी आमच्या पोरीनं कम्प्युटरचा गेम बनवला तवा तो तपासायला मी बसले, अन् म्याच तो बिघडवला. घरात हे कोणाला ठावं न्हाई. जिला ठावं हाय ती बोलत न्हाई.

दोन हजार साल लागून गेल्तं. पोरगी परतूरला एका कम्प्युटर क्लासात शिकवायला जायची. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा राह्यचा, तवा सरांना इचारून आपला गेम करत बसायची. पुण्याच्या एका कंपनीनं तिला सांगितल्तं, गेम घेऊन या, आवडला तर कामावर घेऊ. इकडं तिच्या बापानं अंबडचं स्थळ पाहून ठेवल्तं. मुलगा कोर्टात कारकून. बाप म्हणला, पुण्याचं जमलं तर स्थळाला नको म्हणतो, न्हाई जमलं तर ह्याच लग्नसराईत उरकायचं. पोरगी बरं म्हणली. तिचं सगळं त्या गेमवर आलं.

तिला असं माणूस पाहिजे व्हतं ज्याला काहीच येत न्हाई. माय, तुला जमलं तर कोणालाबी जमंल, म्हणली. मंग दर बाजारच्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन क्लासात जायची, चप्पल बाहेर काढून खुर्चीवर बसायची.

गेम असा व्हता. झाडावर चढून पाहावं तसं वरून गाव दिसायचं. मुंगीएवढ्या बाया, गडी, बैलं. पलीकडं दुसरं गाव, ते कम्प्युटर चालवायचा. दोन्ही गावांच्या मधी एक इहीर. उन्हाळा सरताना इहिरीवर ज्याची माणसं, तो जिंकला. अन् ह्याच्यात पाळी नव्हती. लहानपणी आम्ही देवळाच्या पायरीवर वाघ-बकरी खेळायचो. त्यात एकानं खडा सरकवला का दुसरा थांबून इचार करतो. इथं कोणी थांबत न्हाई. तुम्ही खुरपणीकडं पाहून राह्यले तर तिकडं बैल उपाशी. बैलाकडं गेले तर पलीकडचे इहिरीवर. मला त्याचं काही नवल वाटलं न्हाई. चुलीवर दूध, दारात म्हैस, कडेवर लेकरू, ह्यातलं कोण आपली पाळी येईस्तोवर थांबतंय?

पण पहिल्या दिवशी मला काहीच सुधरलं न्हाई. खाली बटनांच्या तीन रांगा. पानी आणणारी बाई येगळी, खुरपणारी येगळी, शेण उचलणारी येगळी. म्या म्हणलं, असं कोणाच्या घरी असतंय? जी पानी आणती तीच खुरपती. पोरीनं ते कागदावर लिहून घेतलं. पुढच्या बाजाराला जाऊन पाहते तर एकच बाई. इहीर दाखवली तर पानी आणती, रान दाखवलं तर खुरपती. बटनांच्या दोन रांगा उडाल्या. पोरगी म्हणली, मी दोन महिने डोकं फोडून राह्यल्ते अन् तू बसल्या बसल्या सांगितलं. माझं ऐकून कोणी काही बदललं, असं माझ्या जन्मात ते पहिलंच. त्याची चटक लागली मला. चटक वाईट.

मंग पेवाचं आलं. आमच्याकडं जमिनीत खोल खड्डा घ्यायचे, आतून कडबा लावून ज्वारी भरायचे अन् वरून फरशी ठेवून लिंपायचे, त्याला पेव म्हणतात. गेममधी तसंच पेव व्हतं. ते भरलेलं असलं तर माणसं टिकायची, न्हाई तर गाव सोडून जायची. पण पाऊस झाला का पेवात ओल शिरायची. मधून मधून दोन माणसं कामावरून काढून पेव उघडायचं, ज्वारीला ऊन द्यायचं. न्हाई उघडलं तर सडली. अन् उघडायला माणसं लावावी तर तेवढ्यात इहीर गेली. मी तीनदा हारले, तिन्हीदा पेवापायी. पेवाचं तोंड काळं झालेलं दिसलं का मी नजर दुसरीकडं न्यायची.

म्हणलं, "हे काढून टाक. ह्याच्यानं माणूस येडं होतं."

"खरं सडत न्हाई का, माय, पेवात?"

"बराबर लिंपलं तर न्हाई सडत. माझं कधी सडलं न्हाई."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली. मंग म्हणली, "सोपं करणं येगळं अन् पोकळ करणं येगळं. त्या बाया काढल्या ते निसतं ओझं व्हतं. हे काढलं तर उरंल काय?"

म्या म्हणलं, मंग मला इचारती कामून. रुसून पिशवी उचलली अन् एसटी धरली. पुढच्या बाजाराला सडणं काढलेलं व्हतं. आधी पेव गच्च भरलं, मंग सगळी माणसं नेऊन इहिरीवर बसवली. जिंकले. पुन्हा तसंच केलं, पुन्हा जिंकले. पोरगी मागं उभी राहून पाहत व्हती.

आता खरं सांगते. ही पोरगी अंगावर पीत व्हती तवाची गोष्ट. माहेरी आमच्या घरचं लिंपण नावाजलेलं, म्हणून सासूनं पेव माझ्या हवाली केल्तं. त्या साली पावसाची झड लागली ती सरंना. शेजारीण म्हणली, एकदा उघडून पाहा. म्या म्हणलं, माझ्या हातचं लिंपण हाय, उघडायची गरज न्हाई. उघडलं तवा खालची अर्धी ज्वारी काळी पडून तिचा गोळा झाल्ता. भर दुपारी, घरचे रानात गेल्यावर, सासूनं अन् म्या पाट्या भरून ती उकिरड्यावर टाकली, वरून शेण पसरलं. राह्यली ती धुऊन वाळवली. चार महिने कडू भाकरी खाल्ली सगळ्यांनी. गडी म्हणायचे, औंदा दाणाच असा. मी हो म्हणायची.

पोरगी बापासंगं पुण्याला जाऊन आली. कंपनीतला माणूस खेळायला बसला. पहिल्यांदा जिंकला, दुसऱ्यांदा जिंकला, तिसऱ्यांदा तर हनुवटीला हात लावून जिंकला. म्हणला, दिसतंय चांगलं, समजतंय जल्दी, पण वाट एकच हाय. पेव भरा अन् बसा. मंग त्यानं इचारलं, ह्या धान्याला कधी काही होत न्हाई का? पोरीनं न्हाई म्हणून सांगितलं. त्यांनीबी तिला न्हाई म्हणून सांगितलं.

अंबडला सुपारी फुटली. लग्नाच्या शेवया वळायला आम्ही दोघीच बसल्तो. खाटंवर धोतर टाकून ती शेवया पसरत व्हती. माझ्यानं राहवलं न्हाई. म्हणलं, "आपलं पेव सडल्तं एकदा. माझ्याच हातानं."

तिनं शेवया सारख्या केल्या. म्हणली, "मला ठावं हाय. आजीनं जाण्याच्या आधी सांगितल्तं. त्याच्यावरूनच घातलं व्हतं मी ते गेममधी."

"मंग काढलं कामून?"

"तुला इचारलं व्हतं ना मी, खरं सडत न्हाई का म्हणून. वाटलं, सांगशील. तू न्हाई म्हणली, मंग काढलं."

 राह्यलेलं पीठ आम्ही वळून संपवलं.

पोरगी अंबडला हाय. दोन लेकरं हायेत, जावई सरळ माणूस हाय, तिकडं काही कमी न्हाई. दिवाळीला येती, चार दिस राहती, माझं अंग चेपून देती. पण तवापासून तिनं मला काही इचारलं न्हाई. लेकराला खोकला झाला तर काय द्यावं, हेबी ती शेजारणीला इचारती, मी तिथंच बसलेली असते.